सोमवारची गोळी

भाकरी मोडण्याआधी अण्णा ती कानापाशी नेऊन टिचकी मारायचे. आवाज बसका आला तर पुन्हा तव्यावर टाकायचे.

पाणी बसून प्यायचे. कुणी उभ्याने पीत असेल तर बोलायचे नाहीत, नुसती खुर्ची पुढे सरकवायचे.

गोळ्यांची बाटली उघडण्याआधी हलवायचे आणि आवाजावरून किती उरल्या ते सांगायचे. दोन-तीनचाच फरक पडायचा.

बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नाही, नखांकडे बघायचे.

फोन चौथ्या रिंगला उचलायचे. आपण काहीतरी कामात होतो असं वाटावं म्हणून.

रात्री दाराला कडी घातली की "लावली" म्हणायचे. आत कुणीतरी विचारलं असावं तसं.

ही शेवटची सवय मला त्यांच्या शेजारच्या सोनाबाईंनी सांगितली. मी रात्री तिथे कधी नव्हतेच.

मडिवाळप्पांना मी अण्णा म्हणायचे. ते अडुसष्ट वर्षांचे होते, मी सव्वीस. आमची मैत्री होती असं सांगितलं की लोक क्षणभर थांबतात, मग नातं शोधतात. नातं काही नव्हतं.

मी मराठीत एम. ए. केलं आहे आणि सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात काम करते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर अण्णा तिथे आले. पुस्तक मागितलं नाही. सदऱ्याच्या खिशातून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"हे तेवढं वाचून दाखव की पोरी. अक्षर मुंगीएवढं हाय."

बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या होत्या. रोज एक, जेवणानंतर. मी वाचून दाखवलं.

"शिकलीस किती?"

"एम. ए. मराठी."

"आन बाटलीवरचं इंग्रजी वाचायलीस. होगली बिडू." असू दे, जाऊ दे, असं ते कानडीत म्हणायचे. पुढेही कितीदा तरी ऐकलं. मग त्यांची नजर माझ्या हातावर गेली. "नखं फिकी हायत तुजी. शेवग्याचा पाला खात जा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर वर्तमानपत्रात बांधलेला शेवग्याचा पाला होता. ते निघून गेले होते.

फिकं आणि गडद त्यांना लांबून कळायचं. चाळीस वर्षं ते टॉवेलच्या कारखान्यात डाईंग मास्तर होते. सुताच्या लडी रंगाच्या हौदात बुडवायच्या, वर काढायच्या, उजेडात धरून बघायच्या. रंग हलका वाटला तर पुन्हा आत. "मालकाला विचारायचं न्हाय, पुस्तकात बघायचं न्हाय," ते म्हणायचे. "फिका दिसला की आजून एक बुडी." घरी त्यांच्याकडे एक पत्र्याची बादली होती आणि डब्यात रंगाच्या पुड्या. गल्लीतल्या बायकांच्या विटलेल्या साड्या, परकर ते फुकट रंगवून द्यायचे. त्यांच्या नखांच्या कडा कधी निळ्या असायच्या, कधी हिरव्या.

माझी नखं फिकी होती हे खरं होतं. तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन नऊ निघालं.

वाचनालयात येण्याच्या आठ दिवस आधी अण्णा घराच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडले होते. खरचटण्यावर भागलं. पण सोनाबाईंनी पुण्याला फोन केला आणि त्यांचा मुलगा पंचाक्षरी गाडी घेऊन आला. रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह कमी, ड जीवनसत्त्व फारच कमी, लोह कमी, वजन कमी. पुढचं अण्णा मला दोन्ही आवाज काढून सांगायचे.

"त्यो म्हणला, बॅग भरा. मी म्हणलं, कपडे वाळत घातल्यात."

"मग?"

"म्हणला, वाळल्यावर भरा."

शेवटी तोड निघाली. मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा रक्त तपासायचं. रिपोर्ट नीट आला तर अण्णा सोलापुरात राहणार. नाही आला तर पुण्याला जाणार आणि पुन्हा हा विषय काढणार नाहीत.

पुणं त्यांनी बघितलेलं होतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी काशम्मा गेल्या, त्यानंतर ते दोन महिने मुलाकडे होते. अकराव्या मजल्यावर.

"समदी चांगली हायत गं. सून चांगली, नात चांगली. सकाळी आठला समदी जात्यात. मग मी आन लिफ्ट. तेवढी एक बोलतीया. दार उघडतंय, दार मिटतंय. ते बी इंग्रजीत."

"इथे तरी कोण बोलतं, अण्णा?"

त्यांनी थोडा विचार केला. "हितं कोण गप हाय ते ठावं हाय मला."

म्हणून त्यांनी तब्येत मनावर घेतली. रिपोर्टचा कागद स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला आणि चार आकड्यांखाली लाल रेघा ओढल्या. सकाळी ज्वारीची आंबील. दुपारी भाकरी, डाळ, पालेभाजी, जवसाची चटणी, वाटीभर दही. संध्याकाळी मोडाची मटकी. उन्हं कोवळी असताना गच्चीवर पाठ उघडी टाकून अर्धा तास. रक्त तपासलं तेव्हाच्या डॉक्टरीणबाईंनी ताण घेऊ नका, दीर्घ श्वास घेत जा असं सांगितलं होतं.

"टेन्शन मागावरच्या सुताला असतंय म्हणलं बाईला. माज्या घरात कुटलं आलं?"

पण श्वास घ्यायचे. लडी हौदात जितका वेळ धरायची तितका वेळ आत, आणि वर काढून निथळायला लागेल तितका वेळ बाहेर. मोजण्याची त्यांना गरज नव्हती.

एकट्यासाठी स्वयंपाक करणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. आमटी एकाची केली की तळाला लागायची. दोघांची केली की उरायची, आणि उरलेली ते दुसऱ्या दिवशी खायचे. "आमटीला बी सोबत लागतीया," असं एकदा म्हणाले आणि लगेच विषय बदलून माझी जीभ बघायला मागितली.

गोळ्या चार प्रकारच्या होत्या. बी-ट्वेल्व्ह, लोह आणि कॅल्शियम रोजचं. ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल आठवड्यातून एक. हे मी मोठ्याने वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं.

"सोमवारी घेतो," ते म्हणाले. "सिद्धेश्वराचा वार. इसरायचं काम न्हाय."

सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते. डिसेंबरपासून मी दर सोमवारी दुपारी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागले. सकाळी ते सिद्धेश्वराच्या देवळात जायचे. तिथे तळ्याच्या बांधावर कारखान्यातले चार जुने सोबती बसायचे. एकाला ऐकू येत नव्हतं, म्हणून बाकीचे सगळे ओरडून बोलायचे. कुणाची सून, कुणाचा गुडघा, मालकाने कधीतरी बुडवलेला बोनस. अण्णा अकराच्या सुमाराला घसा बसवून घरी यायचे. मग मी जायचे. ते भाकऱ्या थापायचे, मी ठेचा करायचे. मी त्या आठवड्यात वाचलेली एखादी गोष्ट सांगायचे. ते मध्येच थांबवायचे.

"त्या बाईनं पत्र का फाडलं?"

"राग आला म्हणून."

"राग आला तर ठिवून देत्यात गं. फाडतंय कोण?"

आमटी दोघांची असायची. उरायची नाही. जेवून ते चटईवर आडवे व्हायचे आणि बघता बघता झोपायचे. मी भांडी घासून, दार ओढून घेऊन निघायचे. मंगळवार ते रविवार मी जात नव्हते. घर वाचनालयापासून चालत वीस मिनिटांवर होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी मला कॅलेंडर दाखवलं. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षरं होती: भू, झो, पा. भूक लागली का, झोप आली का, पायांना मुंग्या नव्हत्या ना. जे बरं असेल त्यावर बरोबरची खूण.

"बघ नीट. सोमवारी तिन्ही. दर सोमवारी तिन्ही. मंगळवारी एक न्हायतर ते बी न्हाय."

"योगायोग असेल, अण्णा."

"तीन महिने योगायोग? सोमवारची गोळी हाय ती. बाकीच्या नुस्त्या पोटात जाऊन बसत्यात. काम हीच करतीया."

माझ्या तोंडात घास होता. "असेल," मी म्हटलं.

त्या शब्दाशिवाय मला त्या दुपारचं फारसं काही आठवत नाही. बहुतेक मेथी होती.

मार्चमध्ये ते खुशीत होते. एप्रिलमध्ये पाण्याची बाटली सतत जवळ ठेवायला लागले. तासातासाला लघवीला जायचे. पोट साफ होत नव्हतं. सोमवारीही अर्धी भाकरी ताटात राहायची. मी विचारलं तर म्हणाले, "ऊन हाय." त्रेचाळीस डिग्री होतं. सोलापुरात एप्रिलमध्ये पाणी पिणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही. ते टिचकी न मारताच भाकरी मोडत होते, हे मी बघितलं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी मी माझी पांढरी ओढणी त्यांना दिली. शाईचे डाग पडले होते. डाळिंबी रंग मागितला.

"एका बुडीत गुलाबी येतंय. डाळिंबीला दोन लागत्यात. पयली खडखडीत वाळली पायजे, मग दुसरी."

"मग कधी मिळेल?"

"पुढच्या सोमवारी येतीस की. तुज्यासमोर दुसरी देतो. बघ तरी रंग कसा चढतोय."

पुढच्या सोमवारी मी गेले नाही. प्राध्यापकपदाच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. त्याच्या पुढच्याही सोमवारी नाही. तिसऱ्या सोमवारी परीक्षा झालेली होती, मी दमले होते आणि ऊन होतं. मी फोन करायचे. फोन चौथ्या रिंगला उचलला जात नव्हता. आठव्या, नवव्या रिंगला उचलला जायचा.

"कसं आहे?"

"लई झ्याक हाय. महिनाअखेरीला रिपोर्ट बघशील तू. पंच्या गप बसंल." पंच्या म्हणजे पंचाक्षरी. मग थोडं थांबून, "सोमवारी येतीस की?"

"येते, अण्णा."

त्याच आठवड्यात बुधवारी सोनाबाईंचा फोन आला. "अंकिता, अण्णा मला काशम्मा म्हणायलेत गं. आन सकाळपास्नं चार डाव उलटी झाली. ये बाई लवकर."

मी आणि सोनाबाईंनी त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. रिक्षात ते माझी नखं बघत होते. ओळख पटली की नाही कळलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. म्हणाल्या, रक्तातलं कॅल्शियम खूप वाढलं आहे, किडनीवर ताण आहे, घरात काय काय घेतात ते सगळं आणा. मी सोनाबाईंकडची किल्ली घेऊन गेले. स्वयंपाकघरातल्या फळीवर गोळ्यांचा स्टीलचा डबा होता. त्यात कॅप्सूलची रिकामी पाकिटं रबर लावून नीट ठेवली होती. एका पाकिटात चार. एकोणीस पाकिटं. डब्यामागे तीन वेगवेगळ्या औषधांच्या दुकानांच्या पिशव्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी पाकिटं टेबलावर ओळीने मांडली.

"ही आठवड्याला एक घ्यायची असते."

"माहीत आहे."

"यांना माहीत होतं?"

"हो. मीच वाचून दाखवलं होतं."

"मग रोज कोण देत होतं?"

"कुणी नाही. ते एकटेच राहतात."

त्यांनी मला समजावून सांगितलं. बी-ट्वेल्व्ह जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ड जीवनसत्त्व तसं जात नाही, ते चरबीत साठत राहतं. मग रक्तात कॅल्शियम वाढतं. तहान लागते, भूक मरते, पोट साफ होत नाही, माणूस भ्रमतो. त्यात वरून कॅल्शियमच्या गोळ्या, उलट्या आणि हे ऊन. "लोकांना वाटतं जीवनसत्त्वच आहे, जास्त घेतलं तर काय बिघडतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. हे त्यांनी आधीही कुणाला तरी सांगितलं असणार.

रात्री पंचाक्षरी आला. तो चाळिशीचा आहे, वडिलांसारखाच उभट चेहरा. आधी सलाइनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाटल्यांवरचं तुम्ही वाचून द्यायचात ना?"

"हो."

"मग तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

"मी फक्त सोमवारी जायचे."

त्याला ती सबब वाटली. मान हलवून तो बाहेर गेला. थोड्या वेळाने परत आला आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. स्वतःसाठी आणला नव्हता. "मी तर दिवाळी आणि उन्हाळ्यातच यायचो," असं म्हणाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

शुक्रवारी सकाळी अण्णा थोडे शुद्धीवर आले. डॉक्टरीणबाई वाकून मोठ्याने म्हणाल्या, "अण्णा, ती गोळी रोज का घेतलीत?"

अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. नवीन कामगाराने काहीतरी खुळ्यासारखं विचारावं तसं.

"सोमवारी बरं वाटतंय," ते म्हणाले. "म्हणलं, रोज घेतली की रोज वाटंल."

"सोमवारी काय असतं?" पंचाक्षरीने मला विचारलं.

सोमवारी काय असतं ते मला माहीत होतं. ओरडून बोलणारे चार म्हातारे असतात. दोन ताटं असतात. मी असते. मला ते त्या खोलीत सांगता आलं नाही. मी म्हटलं, "सिद्धेश्वराचा वार असतो."

दुपारी अण्णांनी खुणेने मला जवळ बोलावलं. "रिपोर्ट आला का गं?"

"अजून नाही, अण्णा."

"पंच्याला सांगू नगंस. आधी तू वाच."

डायलिसिसची तयारी चालली होती. शनिवारी रात्री हृदयाचे ठोके बिघडले. रविवारी दुपारी ते गेले.

सोमवारी माती दिली. बांधावरचे चौघे आले होते. ऐकू न येणाऱ्याला बाकीच्यांनी बहुतेक नीट सांगितलं नसावं. तो दर थोड्या वेळाने मोठ्याने विचारत होता, "मडिवाळप्पा कुटं हाय?" कुणीच ओरडून उत्तर दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात पंचाक्षरीचा फोन आला. घराला कुलूप लावतोय, वाचनालयाची काही पुस्तकं असतील तर घेऊन जा. पुस्तकं नव्हती. तरी मी गेले.

भिंतीवर रिपोर्ट तसाच होता, लाल रेघांसकट. त्याच्याखाली टाचणीने तपासणीची चिठ्ठी लावली होती. एकतीस मे, सकाळी आठ, उपाशीपोटी. 'उपाशीपोटी'भोवती पेन्सिलीने गोल काढला होता.

पंचाक्षरी कॅलेंडर हातात घेऊन उभा होता.

"हे भू, झो, पा काय आहे?"

मी सांगितलं. तो एकेक पान उलटत गेला. तीन मार्चपासून प्रत्येक चौकोनात एक गडद ठिपका होता. ठिपका म्हणजे गोळी. ठिपके रोज होते. खुणा मात्र तशाच सोमवारपुरत्या, मार्चमध्ये तीन-तीन, एप्रिलमध्ये दोन, कधी एक. मे महिन्यातल्या तीन सोमवारांवर नुसते ठिपके होते. खूण एकही नव्हती.

त्याने कॅलेंडर मिटलं. माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

"गच्चीवर कपडे आहेत काही," तो म्हणाला. "बघता का तेवढे?"

गच्चीवर दोरीला एक पंचा होता, एक सदरा, आणि माझी ओढणी. दोन्ही टोकांना चिमटे लावलेली, खडखडीत वाळलेली, फिकट गुलाबी. शाईचे डाग अजून दिसत होते. खाली सावलीत पत्र्याची बादली धुऊन पालथी घातली होती. तिच्यावर रंगाची पुडी होती आणि वाऱ्याने उडू नये म्हणून पुडीवर दगड. पुडीचा दोरा सोडलेला नव्हता.